चार वेळा चिव

१

दर सोमवारी भंगारवाला मोडक्या खेळण्यांचं एक पोतं बारकूच्या दारात उपडं करायचा, आणि मंगळवारपासून बारकू त्यांची पोटं फाडायला बसायचा. ‘पोटं फाडणं’ हा शब्द आक्काचा, त्याच्या थोरल्या बहिणीचा. ‘एवढ्या मोठ्या माणसाने सकाळपासून ससे फाडत बसायचं, शोभतं का?’ असं ती स्वयंपाकघरातून ओरडायची, आणि थोड्या वेळाने चहाचा कप आणून त्याच सशांच्या शेजारी ठेवायची.

बारकू एकसष्ट वर्षांचा होता आणि त्याचं पोट चांगलं सुटलं होतं. तरी आक्कासाठी तो बारकूच होता, कारण जन्मला तेव्हा वीतभर होता आणि आई गेल्यावर तिनेच त्याला कापसात गुंडाळून वाढवला होता. ती तेव्हा सोळाची. तिने लग्न केलं नाही. ‘एक पोर वाढवलं तेवढं पुरे झालं,’ म्हणायची. बारकूनेही केलं नाही. त्याला कुणी विचारलंच नाही, असं आक्काचं म्हणणं.

नाचणारा कुत्रा, हॅलो म्हणणारा फोन, डोळे पेटणारा बेडूक. सगळ्यांना चार स्क्रू असायचे आणि त्यातला एक हमखास स्टिकरखाली लपलेला. आत अंगठ्याएवढी मोटर, भाताच्या शितासारखा दिवा, बाटलीच्या झाकणाएवढा स्पीकर, आणि हिरव्या पट्टीवर डांबराचा असावा तसा एक काळा थेंब. खेळण्याची सगळी अक्कल त्या थेंबात. तो खरवडून पाहिला की खेळणं मुकं व्हायचं, एवढंच बारकूला ठाऊक होतं. बाकीचं सामान सुटं करून तो खोक्याच्या खणांत भरायचा, आणि त्यातून शाळांसाठी प्रयोगपेट्या तयार करायचा.

गेल्या थंडीत एका सकाळी आक्काच्या हातून कप पडला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. आयुष्यभर बोलून बोलून शेजारपाजार दमवलेली बाई, पण आता तिच्याकडे डाव्या हाताची दोन बोटं आणि डोळे एवढंच उरलं. एकदा डोळे मिटले की हो, दोनदा मिटले की नाही.

दवाखान्यातून भाड्याने खाट आली. बारकूने तिच्यासाठी घंटी करायला घेतली. आधी पोलीसगाडीचा भोंगा लावून पाहिला, तर ती दचकली. फोनमधलं गाणं लावलं, तर दुसऱ्यांदा वाजल्यावर तिने डोळे असे गच्च मिटले की त्याने मुकाट्याने ते काढून टाकलं. शेवटी एका पिवळ्या पिल्लाचा आवाज लावला. चिव. आक्काच्या ओठांचा डावा कोपरा वर गेला. ठरलं. खेळण्यातल्या पियानोची एक पट्टी बटण म्हणून तिच्या बोटांखाली बांधली, तार बोळातून पुढच्या खोलीत आणली आणि घंटीची डबी स्वतःच्या टेबलावर ठेवली.

एक वेळा चिव म्हणजे तहान. दोन वेळा म्हणजे कूस बदल. तीन वेळा म्हणजे जगातलं बाकीचं सगळं.

२

तीन महिने असे गेले. मग एका दुपारी तो आगगाडीची मोटर सोडवत असताना घंटी वाजली. चिव. चिव. चिव. त्याने हातातली गाडी खाली ठेवली.

चिव.

चौथ्याला काही अर्थ नव्हता. ‘काय गं, पाणीही हवं आणि बाकीचंही?’ असं म्हणत तो आत गेला.

आक्का झोपलेली होती. डावा हात पांघरुणात होता. बटण खाटेच्या कडेवरून तारेला लोंबकळत होतं आणि जरासं हलत होतं. पण तिचं डोकं उशीवरून घसरलं होतं, हनुवटी छातीला टेकली होती, आणि घशातून पाणी उकळावं तसा आवाज येत होता.

त्याने तिला उचललं, सरळ केलं, उशी नीट लावली. घुरघुर थांबली. बटण निसटलं असणार आणि खाटेच्या लोखंडावर चार वेळा आपटलं असणार. नेमकं अशाच वेळी आपटलं हे नशीब.

बटण पुन्हा बांधण्याआधी त्याने ते सहज खाटेवर आपटून पाहिलं. वाजलं नाही. जरा जोरात आपटलं. मग दहा-बारा वेळा, वरून, खालून, आडवं. पट्टी बोटाने दाबल्याशिवाय घंटी वाजतच नव्हती, कारण त्याने ती तशीच केली होती.

३

रोज सकाळी आक्काचं अंग पुसायला, कपडे बदलायला एक मावशी यायच्या. पन्नाशीच्या, कामाला वाघ, आणि जिभेला हाड नाही.

‘उंदीर असेल, भाऊ,’ मावशी म्हणाल्या.

‘उंदराला चारपर्यंत मोजता येतं?’

‘तुमच्या घरातला आहे. शिकला असेल.’

बारकू हसला. मावशी हसल्या नाहीत. फडकं पिळता पिळता म्हणाल्या, ‘एक विचारू? खुर्ची तुम्ही हलवता का?’

आक्काच्या खोलीत वेताची एक जुनी खुर्ची होती. फरशी पुसायची म्हणून मावशी ती रोज भिंतीला लावून ठेवायच्या. रोज सकाळी ती खाटेजवळ असायची, आक्काच्या तोंडाकडे तोंड करून.

‘हलवतो कधीकधी,’ बारकू म्हणाला.

तो हलवत नव्हता. त्या खुर्चीच्या हातांमध्ये तो मावतच नव्हता. बसायचा तो नेहमी खाटेच्या कडेवर.

घंटी त्यानंतर पुन्हा वाजली, चार वेळा, आणि तो आत गेला तर आक्का तापाने फणफणत होती. त्याने घंटी उघडली. बॅटरी बदलली, काळ्या थेंबाची पट्टी बदलली, सगळे जोड नव्याने दिले. मग एका दुपारी त्याने जुनी तारच कापून काढली. कापलेली टोकं चिमटीत धरून तो नवी तार सोलत होता, आणि समोरच्या डबीतून आवाज आला. चिव, चिव, चिव, चिव.

तो धावला. आक्काला लाळेचा ठसका लागला होता आणि तिचा चेहरा जांभळा झाला होता. त्याने तिला कुशीवर वळवलं, पाठ थोपटली. ती सावरली तेव्हा त्याच्या लक्षात आलं की तारेचं टोक अजून त्याच्या मुठीतच आहे.

तो खाटेवर टेकला.

‘आक्का, तू दाबलंस?’

दोनदा.

‘आपोआप वाजतं?’

लहानपणी पाढे चुकल्यावर ती त्याच्याकडे जशी पाहायची तशी तिने पाहिलं. मग दोनदा.

तिसरा प्रश्न त्याच्या तोंडाशी आला होता. त्याने तो विचारला नाही. पांघरुणाची नीट घडी घातली, मग ती उलगडून पुन्हा तिच्या अंगावर घातली.

दुसऱ्या दिवशी तो दारात उभा असताना, वेणी घालता घालता मावशींनी सरळ विचारून टाकलं, ‘आक्का, तुमच्याजवळ कुणी बसतं का हो?’

आक्काने एकदा डोळे मिटले.

फणी थांबली. ‘भीती वाटते त्याची?’

दोनदा. आणि ओठांचा डावा कोपरा वर गेला.

मावशींनी वेणी पुरी केली, शेवटी रबर लावलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभ्या राहिल्या. बारकू मागोमाग गेला.

‘उद्यापासून येत नाही, असं सांगायला आले इकडे,’ त्या म्हणाल्या. ‘पण ज्या बाईला हलता येत नाही तिला भीती वाटत नाही, आणि मी धडधाकट पायांची पळून जाऊ?’ त्यांनी पदराने तोंड पुसलं. ‘चहा टाका, भाऊ. साखर जरा जास्त घाला.’

४

पोत्यात वॉकीटॉकीची एक जोडी आली होती. बारकूने एकाचं बोलायचं बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलं आणि तो आक्काच्या उशाशी ठेवला, दुसरा आपल्या टेबलावर. आता काम करताना तिचा श्वास ऐकू यायचा. खरखरीत, जरा अडखळणारा, पण तिचा. बारकूला बरं वाटलं. घंटीची काही गरजच उरली नाही, असंही त्याने मनाशी म्हणून पाहिलं.

चौथ्या दिवशी दुपारी आक्काचा श्वास जोरात चालायला लागला. धाप लागल्यासारखा. उठून जावं म्हणून त्याने स्क्रूड्रायव्हर ठेवला, आणि तेवढ्यात त्याला दुसरा ऐकू आला.

अगदी हलका. आधी वाटलं, वॉकीटॉकीचा प्रतिध्वनी. पण प्रतिध्वनी मागून येतो, आणि हा आधी येत होता. लांब, संथ, एक श्वास आत, जरा थांबणं, मग बाहेर. त्याच्या मागोमाग आक्काचा, अडखळत. पुन्हा तो, सावकाश. पुन्हा आक्काचा, जरा कमी अडखळत. रडून रडून उचक्या लागलेल्या पोराला मांडीवर घेऊन आपण जसा मुद्दाम मोठा श्वास घेऊन दाखवतो, असा घे, असा, तसं चाललं होतं. पाच-सहा मिनिटांत आक्काचा श्वास शांत झाला.

बारकूने दोन्ही हात टेबलावर सपाट ठेवले होते. ते उचलायला त्याला बराच वेळ लागला.

५

त्याला भीती कशाची वाटत होती, हे त्याला नीट सांगता आलं नसतं. एकसष्ट वर्षं या घरात दोघंच होते. आता तिसरं कुणीतरी होतं, आक्काला ते आवडत होतं, आणि बारकूला त्याची माहिती नव्हती. ते तिला सांभाळायला बसलं होतं की न्यायला? नेणाराही आधी जवळ बसून श्वास मोजत असेल.

एका सकाळी, मावशी गेल्यावर, तो आत गेला. आक्काच्या डोळ्यांकडे न पाहता त्याने खुर्ची उचलली, बाल्कनीत नेऊन ठेवली आणि दार लावून घेतलं.

दोन दिवस घंटी चार वेळा वाजली नाही. वॉकीटॉकीवर एकच श्वास होता. बारकूने दोन दिवसांत सात प्रयोगपेट्या पुऱ्या केल्या. तिसऱ्या दिवशी भर दुपारी तो एका बाहुलीच्या पाठीचं झाकण उघडत होता आणि त्याच्या लक्षात आलं की आपल्याला काहीच ऐकू येत नाहीये.

तो गेला तेव्हा आक्काचं तोंड उशीत रुतलं होतं आणि ओठ निळे पडले होते. त्याने तिला उठवून छातीशी धरलं, पाठीवर थापट्या मारल्या, ‘घे, आक्का, घे ना गं श्वास’ म्हणून ओरडला. खूप वेळाने तिने घेतला.

तिचे डोळे उघडले. ती आधी त्याच्याकडे पाहत नव्हती. खुर्ची असायची तिथे पाहत होती. मग तिने त्याच्याकडे पाहिलं. लहानपणी एकदा रागाच्या भरात त्याने काठीने चिमणीचं घरटं पाडलं होतं, तेव्हा तिने त्याला मारलं नव्हतं, नुसतं असंच पाहिलं होतं. तिच्या डाव्या डोळ्यातून पाणी निघालं आणि कानाकडे ओघळलं.

बारकूने बाल्कनीचं दार उघडलं. खुर्ची उन्हात असूनही गार लागली. ती आणून त्याने खाटेजवळ ठेवली, आक्काकडे तोंड करून, आणि पाहुण्याचा अपमान केलेल्या माणसासारखा तो बाजूला उभा राहिला.

‘बसा,’ तो म्हणाला.

वेत करकरला. जरासाच. झोपलेल्या माणसाला जाग येऊ नये म्हणून कुणी बेताने टेकावं तसा.

आक्काने एकदा डोळे मिटले.

६

त्यानंतर आक्का सात आठवडे राहिली, आणि खरं सांगायचं तर ते आठवडे वाईट गेले नाहीत. माणसाला कशाचीही सवय होते. मावशींनी खुर्ची भिंतीला लावणं सोडून दिलं. फरशी पुसत तिच्याजवळ आल्या की त्या नकळत म्हणायच्या, ‘जरा पाय वर,’ आणि मग स्वतःच्याच तोंडावर हात ठेवायच्या. बारकू बाहेर जाताना दारातून म्हणायचा, ‘आलोच हं.’ पूर्वी हे तो आक्काला म्हणायचा. आता कुणाला म्हणतो, याचा त्याने फार विचार केला नाही.

घंटी त्या दिवसांत दोनदा चार वेळा वाजली. दोन्ही वेळा तो वेळेवर पोचला. भीती गेली होती असं नाही. खोलीत शिरताना तो अजून उंबऱ्याशी थांबायचा. पण तो शिरायचा.

मग एका सकाळी, मावशी पुढच्या खोलीत कपड्यांच्या घड्या करत होत्या तेव्हा, घंटी तिसऱ्यांदा तशी वाजली. बारकू आत गेला. उशी जागेवर होती. ताप नव्हता. ठसका लागला नव्हता. आक्का जागी होती आणि त्याच्याकडेच पाहत होती. कशासाठी बोलावलं ते त्याला क्षणभर कळलं नाही, आणि मग कळलं.

तो खाटेच्या कडेवर बसला आणि तिची दोन बोटं त्याने आपल्या हातात घेतली. तिचे श्वास लांब लांब जायला लागले. दोन श्वासांमधल्या जागा वाढत गेल्या. त्यातल्या एका जागेनंतर पुढचा आला नाही.

सगळं आवरून झाल्यावर मावशींनी त्याला बाजूला घेतलं. सकाळी त्या घड्या करत बसल्या होत्या तिथेच टेबलावर वॉकीटॉकी चालू होता.

‘भाऊ, शेवटी तुम्ही त्यांना काही सांगत होता का? हळू आवाजात?’

‘नाही,’ बारकू म्हणाला. ‘माझ्या तोंडून शब्दच फुटला नाही.’

मावशींनी मान हलवली. ‘मग राहू दे,’ म्हणाल्या, आणि राहिलेल्या घड्या घालायला लागल्या.

७

खाट परत गेली. आक्का गेल्याचं नातेवाइकांना, शेजाऱ्यांना मावशींनीच कळवलं, कारण फोन हातात घेतला की बारकू तो पुन्हा खाली ठेवायचा. लोक येऊन गेले. ‘फार त्रास नाही झाला ना?’ असं विचारायचे आणि तो नुसती मान हलवायचा. दूधवाल्याने विचारलं, ‘दूध कमी करू का?’ तर म्हणाला, ‘असू दे.’ आक्का गेली, हे दोन शब्द त्याने अजून तोंडातून काढले नव्हते.

पंधरा दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमाराला, त्याने घंटी उघडायला घेतली. हे त्याचं कामच होतं. चार स्क्रू काढले. बॅटरी काढली. लाल तार कापली, काळी कापली. स्पीकर स्पीकरांच्या खणात टाकला, पियानोची पट्टी पट्ट्यांच्या खणात. हिरवी पट्टी त्याने जरा वेळ तळहातावर धरली आणि मग तीही तिच्या खणात टाकली. तिथे तसल्या चाळीसेक पट्ट्या होत्या. दोन मिनिटांनी तीच शोध म्हटलं असतं तर त्याला सापडली नसती.

‘चिव.’

बारकूने खोक्याकडे पाहिलं. आवाज खोक्यातून आला नव्हता.

‘चिव.’

आतून आला होता. आक्काच्या खोलीतून. आणि तो स्पीकरचा नव्हता. स्पीकरला पत्र्यासारखी एक किनार असते, ती त्याच्या कानाला पाठ होती. हा आवाज तोंडाने काढलेला होता. घसा फारसा कधी न वापरलेल्या कुणीतरी, महिनोन्‌महिने ऐकलेला एकच आवाज, जमेल तसा काढून पाहावा, तसा. चि, आणि मग फाटका वारा, आणि मग व. चार वेळा. जरा थांबून पुन्हा चार वेळा, आता घाईने.

पळून जावं असं बारकूच्या मनात आलं. चपला दाराशीच होत्या. पण त्या चाराचा अर्थ त्याला ठाऊक होता. ती घसरतेय, लवकर ये. सहा महिन्यांत त्याचे पाय दुसरं काही शिकलेच नव्हते. ते त्याला बोळातून घेऊन गेले.

खोलीत ऊन होतं. फरशीवर खाटेच्या पायांचे चार गोल डाग होते. खुर्ची तिच्या जागी, उशी असायची तिकडे तोंड करून. खुर्ची रिकामी होती. पण तिची सावली फरशीवर पडली होती, आणि सावली रिकामी नव्हती. तिच्यातून दोन हात पुढे आले होते. खाटेच्या उंचीवर कुणी हात फिरवावेत तशा त्यांच्या सावल्या फरशीवर फिरत होत्या, उशी असायची तिथे, इकडून तिकडे, चाचपत, सारखं करत, पुन्हा चाचपत. त्यांना काही सापडत नव्हतं.

‘चिव,’ खुर्ची म्हणाली. ‘चिव.’

दाराची चौकट धरून बारकू उभा होता. मग त्याला कळलं की मावशींनी सगळ्यांना कळवलं, पण ती परत येणार नाही हे याला कुणी सांगितलंच नाही.

तो आत गेला आणि त्या चार डागांच्या मधोमध फरशीवर बसला.

‘आक्का नाहीये आता,’ तो म्हणाला. त्याचाच आवाज त्याला परका वाटला. ‘आक्का गेली.’

सावलीतले हात थांबले.

मग बारकू रडला. लहान पोर रडतं तसा, तोंड उघडं टाकून, नाक वाहू देत. बराच वेळ. आपलं थोडं आवरल्यावर त्याला वाटलं, याला आणखी काहीतरी सांगायला हवं. चांगलं काहीतरी. ‘फार त्रास नाही झाला तिला,’ तो म्हणाला. ‘तू जवळ होता…’

तो अडला. होतास म्हणायचं की होतीस? त्या आवाजावरून काही कळत नव्हतं, हातांवरूनही नाही. चुकीचं बोलून आज त्याला कुणाला दुखवायचं नव्हतं.

‘आपण जवळ होतो ना तिच्या,’ तो म्हणाला. ‘आपण दोघंही होतो.’

वेत करकरला. दबलेली बैठक सावकाश वर आली, कुणीतरी उठल्यावर येते तशी. खोलीत काहीच हललं नाही. फक्त बारकूच्या शेजारी, फरशीवर जिथे स्वच्छ ऊन पडलं होतं, तिथलं ऊन जरासं कमी झालं.

त्याने तिकडे पाहिलं नाही. तो थोडा सरकला आणि त्याने जागा करून दिली.